अब्बांच्या फियाटचा गिअर

परवा आमच्या घरी एक जड खोकं आलं. माझा मुलगा चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला आहे, त्यानं ते मागवलं होतं. उघडून पाहिलं तर आत मोटारीच्या गिअरचा दांडा. आखूड, चकचकीत, वर काळी गोल मूठ. सोबत ॲल्युमिनियमची बैठक, दोन सळया, एक रबरी बूट आणि पिशवीभर नटबोल्ट. आमच्या दारात अब्बांची १९७५ ची प्रीमियर पद्मिनी उभी असते. तिला हा दांडा बसवायचा होता. "पप्पा, एका रविवारचं काम आहे," तो म्हणाला.

एका रविवारचं काम! हे शब्द मी आधीही ऐकले होते. १९८९ साली, त्याच गाडीबद्दल, खुद्द अब्बांच्या तोंडून. त्या रविवारची किंमत आम्ही पुढे बोरघाटात मोजली. ती गोष्ट सांगतोच, पण आधी गाडीच्या पोटात काय चालतं ते समजून घेऊ. नाहीतर गोष्ट नुसती भीतीची होईल आणि तिच्यातून शिकण्यासारखं काही हाती लागणार नाही.

मी कवितेचा माणूस. यंत्रातलं मला जे काही कळतं ते अब्बांच्या शेजारी बसून, मागतील तो पाना देता देता कळलेलं. अब्बा पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते. आमची ही सगळी पट्टीच अशी. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी, चिंचवड, भोसरीच्या माळरानावर कारखान्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या. पुढे बजाज १९९९ मध्ये चाकणला गेली, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीजही तिथेच आल्या. आज आमच्याकडच्या घराघरांत कुणी ना कुणी गाडीचा एखादा तुकडा घडवणारं आहे. पण अख्खी गाडी उघडून तिचा स्वभाव समजून घेणारी माणसं कमी होत चालली आहेत, असं मला आपलं वाटतं.

आता फियाटकडे वळू. ज्यांनी ती चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो. या गाडीचा गिअर जमिनीवर नसायचा. स्टेअरिंगच्या चाकाखाली, डाव्या हाताला एक बारीक दांडा बाहेर आलेला असे. तो पुढे-मागे आणि वर-खाली हलवून चार गिअर टाकायचे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत बसलेल्या प्रत्येकानं ड्रायव्हरचा हात त्या दांड्याशी झटापट करताना पाहिलेला आहे. ॲम्बॅसडरलाही बरीच वर्षं तसाच गिअर होता.

तो तिथे का होता? तर जागेसाठी. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन मोटारींनी जमिनीवरचा गिअर उचलून स्टेअरिंगच्या नळीवर नेला. पुढचा बाक मोकळा झाला आणि ड्रायव्हरशेजारी एकाऐवजी दोन माणसं बसू लागली. ही पद्धत पुढे युरोपात आली, फियाटनं घेतली. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं १९५४ पासून फियाट ११०० बनवायला घेतली, तेव्हा हा गिअर तिच्याबरोबर आपल्याकडे आला. १९६४ मध्ये ती डिलाइट झाली, १९७० च्या दशकात पद्मिनी झाली. नाव बदललं, पण लोक तिला फियाटच म्हणत राहिले, आणि स्टेअरिंगचा गिअर काही हलला नाही.

आपल्याकडच्या कुटुंबांना तो सोयीचाच होता. आमच्या गाडीत पुढे अब्बा, मध्ये धाकटी बहीण, खिडकीशी अम्मी. मागे मी, दादी आणि सामान. बहिणीची ती मधली जागा कुणाची हिंमत नव्हती घ्यायची.

मग लोकांना तो बदलावासा का वाटू लागला? याची कारणं दोन. एक हौसेचं आणि एक झिजेचं.

हौसेचं सोपं आहे. शर्यतीच्या आणि स्पोर्ट्स गाड्यांचा गिअर जमिनीवर असतो. अमेरिकेत जॉर्ज हर्स्ट नावाच्या माणसानं १९५० च्या दशकाच्या अखेरीस जमिनीवरचे मजबूत दांडे बनवून विकायला सुरुवात केली. ते इतके चालले की पुढे मोटार कंपन्याच त्याचे दांडे आपल्या गाड्यांना लावू लागल्या. आपल्याकडे ही लाट थोडी उशिरा आली. अलगद जुळवायच्या दोन खुर्च्या, छोटं स्टेअरिंग आणि 'खालचा गिअर' एवढं केलं की साधी फियाट एकदम तरुण दिसायची. १९८५ मध्ये प्रीमियरचीच ११८ एनई आली, तिचं इंजिन निसानच्या घराण्यातलं आणि गिअर जमिनीवर. १९९० च्या दशकात इसुझू इंजिनाची ॲम्बॅसडर आली, तिलाही खालचा गिअर. शेवटी शेवटी काही पद्मिनीही कारखान्यातूनच खालचा गिअर घेऊन आल्या. म्हणजे हौशी लोक जे गॅरेजात करत होते ते कंपन्यांनाही पटलं होतं.

झिजेचं कारण मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण निम्मी गफलत इथेच होते.

गिअरबॉक्सच्या आत आपल्या हाताला दोनच कामं करायची असतात. पहिलं निवडीचं, दुसरं ढकलण्याचं. आत समांतर सळया असतात. एका सळईवर पहिल्या-दुसऱ्याचा चिमटा, दुसरीवर तिसऱ्या-चौथ्याचा, तिसरीवर रिव्हर्सचा. चिमट्याला गॅरेजात फोर्क म्हणतात. आधी कोणती सळई धरायची ते निवडायचं, मग तिला पुढे किंवा मागे सरकवायचं. प्रत्येक सळईला खाचा असतात आणि त्या खाचांत स्प्रिंगच्या जोरावर बसणारी एक छोटी पोलादी गोळी असते. सळई पूर्ण सरकली की गोळी खाचेत पडते. गिअर टाकताना हाताला जो 'टक्' कळतो, तो या गोळीचा. ती गोळी लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच सगळं अडणार आहे.

जमिनीवरच्या गिअरमध्ये हाताचा दांडा बहुधा या सळयांच्या डोक्यावरच उभा असतो. हात आणि सळई यांत फार अंतर नाही. स्टेअरिंगच्या गिअरमध्ये मात्र तुमचा निरोप लांबून जातो. मूठ तुमच्या हातात. तिथून स्टेअरिंगच्या नळीला लागून एक शाफ्ट खाली जातो. तो सरकला की निवड होते, फिरला की गिअर पडतो. खाली त्याला तरफा, तरफांना सळया, सळयांना सांधे, आणि प्रत्येक सांध्यात एक बुश. असा निरोप पोचत पोचत गिअरबॉक्सच्या कुशीपर्यंत जातो.

आता हिशेब करू. समजा, वाटेत असे सहा सांधे आहेत आणि प्रत्येकात अर्धा मिलिमीटर झीज झाली. सहा अर्धे तीन मिलिमीटर. तरफेमुळे हीच ढिलाई मुठीपाशी कितीतरी पट होऊन येते. हात बोटभर हलतो आणि खाली काहीच होत नाही. गॅरेजवाले म्हणतात, 'प्ले आलाय'. मग ड्रायव्हर गिअर 'शोधू' लागतो. दुसरा टाकायला जातो आणि भलतीकडेच अडकतो. मालक वैतागून म्हणतो, हा गिअरच भिकार आहे, खालचा लावून टाका.

खरं तर गिअर भिकार नसतो. सहा बुश झिजलेले असतात.

म्हणून पहिली गोष्ट ही, की दांडा बदलण्याआधी दुखणं दांड्याचं आहे का ते पाहावं. क्लच पूर्ण सुटत नसेल तर कोणताही गिअर कुरकुर करणारच. गिअरबॉक्सखालचं रबरी माउंटिंग बसलेलं असेल तर अख्खा गिअरबॉक्सच जागचा हलतो. ऑइल जुनं झालं असेल तर थंडीत गिअर जड पडतो. आणि फियाटच्या पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. म्हणजे फिरणाऱ्या दोन चाकांचा वेग आपोआप जुळवून घेणारी पितळी कडी त्या गिअरला नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकायला गेलात तर तो आवाज करणार. तो बिघाड नाही, तो त्या गाडीचा स्वभाव आहे. हे सगळं पाहून, बुश बदलून, सळयांची लांबी जुळवूनही मन खालच्याच गिअरवर असेल तर मग जरूर लावा.

अब्बांनी १९८६ मध्ये गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा ते बुश झिजलेले होतेच. स्वतः फिटर असून त्यांनी ते का बदलले नाहीत, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. पाळीचं काम, घरात आजारपण, किंवा हौसही असेल. १९८९ च्या एका रविवारी त्यांनी गाडी एका गॅरेजात दिली आणि संध्याकाळी ती खालचा गिअर घेऊन आली. अम्मी म्हणाली, "आता मुलगी कुठं बसणार?" मधल्या जागेत पाय ठेवायला दांडा आडवा येत होता. बहीण रडत मागे आली. आम्ही मात्र खूश होतो.

महिनाभरानं कुर्ल्याला मामूंकडे लग्न होतं. तेव्हा एक्स्प्रेस वे नव्हता, जुन्या रस्त्यानं खंडाळा उतरून खोपोलीला जायचं. अब्बांनी घाटाच्या तोंडाशी शहाण्या ड्रायव्हरसारखा दुसरा गिअर टाकला. उतारावर ब्रेकवर भार द्यायचा नाही, इंजिनानंच गाडी रोखून धरायची, हा नियम. एका वळणाआधी त्यांनी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि दांडा आपोआप टुणकन् उडून न्यूट्रलला आला. इंजिनाचा आवाज बसला आणि गाडी सुसाट निघाली. अब्बांनी ब्रेक दाबत दाबत तिला डोंगराच्या बाजूला घेतलं. मी उतरून चाकांखाली दगड लावले. माझे हात थरथरत होते. पुढचा सगळा घाट अब्बांनी डाव्या हातानं दांडा दुसऱ्या गिअरमध्ये दाबून धरला आणि उजव्या हातानं एकट्यानं स्टेअरिंग सांभाळलं. खोपोलीला चहा घेताना त्यांना डाव्या हाताची मूठ उघडता येत नव्हती.

काय झालं होतं? घरी आल्यावर अब्बा गाडीखाली शिरले आणि दहा मिनिटांत बाहेर आले. गाडीच्या जमिनीला मधोमध जो उंचवटा असतो, त्याला गॅरेजवाल्यानं दांड्यासाठी भोक पाडलं होतं. दुसऱ्या गिअरला दांडा मागे ओढावा लागतो. त्या भोकाची मागची कड दांड्याला अडवत होती. तीन-चार मिलिमीटरच. पण तेवढ्यानं आतली सळई पूर्ण सरकत नव्हती आणि ती पोलादी गोळी खाचेत पडत नव्हती. सपाट रस्त्यावर इंजिन गाडीला ओढतं तेव्हा दाते एकमेकांवर दाबलेले राहतात, म्हणून गिअर टिकायचा. उतारावर पाय काढला की जोर उलटा होतो. चाकं इंजिनाला ढकलू लागतात. त्या क्षणी दाते सैल होतात, रबरी माउंटिंगवर इंजिन आणि गिअरबॉक्स डुलतात, आणि अर्धवट बसलेला गिअर सुटतो. भोकाच्या मागच्या कडेवर रंग घासला जाऊन पत्रा चकाकत होता. अब्बांनी मला बॅटरीच्या उजेडात ती चकाकी दाखवली. एवढंच म्हणाले, "बघ, यानं आपल्याला सांगितलं होतं. आपण पाहिलं नाही."

म्हणून खालचा गिअर बसवणाऱ्यानं काय करावं, ते आता क्रमानं सांगतो. वाट दोन आहेत.

पहिली वाट, गिअरबॉक्स मूळचाच ठेवायचा आणि नुसता निरोप्या बदलायचा. गिअरबॉक्सवर एक बैठक बोल्टनं आवळायची, तिच्यावर दांडा उभा करायचा आणि दोन आखूड सळयांनी त्याला गिअरबॉक्सच्या निवडीच्या आणि ढकलण्याच्या तरफांशी जोडायचं. बाजारात किट म्हणून मिळतं ते हेच. दुसरी वाट, अख्खा गिअरबॉक्सच दुसऱ्या गाडीचा घालायचा. हे मोठं काम आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये जोडपट्टी बनवावी लागते, आणि ती शाफ्टच्या मध्यरेषेशी केसभरही चुकली तर बेअरिंग खातात. क्लच प्लेटच्या खाचा जुळाव्या लागतात, मागे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट कापून पुन्हा तोलावा लागतो, स्पीडोमीटरची वायर जुळवावी लागते. हौसेखातर हे करू नये. मूळ गिअरबॉक्स कामातून गेला असेल आणि सुटे भाग मिळतच नसतील, तरच.

पहिल्या वाटेनं जाणाऱ्यानं बॅटरीची तार काढावी. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नये, चारही बाजूंना लोखंडी घोड्या लावाव्यात. जुन्या सळया सोडण्याआधी गाडी न्यूट्रलला आणून गिअरबॉक्सच्या तरफांवर खुणा कराव्यात. या खुणा नसतील तर पुढचा सगळा दिवस न्यूट्रल शोधण्यात जातो.

मग दिशेचा प्रश्न येतो. जमिनीवरचा दांडा म्हणजे तरफ. मूठ पुढे ढकलली की खालचं टोक मागे जातं. सळई तरफेच्या चुकीच्या बाजूला जोडली तर पहिल्याच्या जागी दुसरा आणि तिसऱ्याच्या जागी चौथा येतो. गाडी चालते, पण उलटी. सवयीचा माणूस चालवून नेईल. गडबडीत दुसरं कुणी बसलं तर घात होईल. म्हणून गिअर नेहमीच्या पद्धतीनं पडताहेत हे पाहावं आणि मुठीवर आकडे कोरून घ्यावेत. रिव्हर्सला चुकून हात जाऊ नये यासाठी स्प्रिंगचा अडसर हवाच.

भोक सगळ्यात शेवटी. आधी पुठ्ठ्याचा फर्मा करावा. लहान भोक पाडून दांडा उभा करावा, चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून पाहावेत. कडेला खडू फासावा, खडू जिथे पुसला जाईल तिथे पत्रा कापावा. आणि इथे एक गोष्ट कधीही विसरू नये. गाडी उभी असताना गिअरबॉक्स जिथे असतो, चालताना तो तिथे नसतो. इंजिन रबरावर बसलेलं आहे, पत्रा बॉडीचा आहे. दोघं वेगवेगळे हलतात. म्हणून दांड्याच्या चारही अंगांना बोटभर मोकळीक ठेवावी. मोकळीक ठेवली की खालून धूर, पाणी आणि गरम हवा आत येणार, म्हणून रबरी बूट दुहेरी आणि कडेनं पट्टी मारून घट्ट बसवावा. सायलेन्सरचा पाइप जवळूनच जातो. त्याचा धूर बंद गाडीत साठला तर जिवाशी येतं.

शेवटी परीक्षा. आधी मागची चाकं अधांतरी ठेवून सगळे गिअर टाकावेत. मग सपाट रस्ता. मग मोकळा, छोटा उतार. प्रत्येक गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून पाहावा. दांडा जागचा हलला तर गाडी परत घोड्यांवर. घाटात परीक्षा घेऊ नये.

मुलानं आणलेला दांडा आखूड होता. त्याला त्याचंच कौतुक. हात थोडासा हलवला की गिअर पडणार. मी त्याला विचारलं, "मग जोर कुठून येणार?" तो हुशार आहे, लगेच समजला. तरफेचा हिशेब आहे, हाताची चाल कमी केली की लागणारा जोर वाढतो. नव्या गाड्यांच्या गिअरबॉक्सना ते झेपतं. पन्नास वर्षांच्या फियाटची पितळी कडी वेग जुळवायला क्षणभर मागते. लांब दांड्याच्या चालीत तो क्षण आपसूक मिळतो. आखूड दांडा तो हिरावून घेतो, हात घाई करतो आणि कडी झिजते. जुन्या ओळीत एखादा नवा शब्द घालावा आणि तिचा सगळा तोल जावा, तसं.

यात कायद्याचाही भाग आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की उत्पादकानं नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. तेव्हा पत्रा कापण्याआधी आपल्या आरटीओत लेखी विचारलेलं बरं. आणखी एक. जुलै २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, क्रमांकात 'व्हीए' अक्षरं येतात. पण अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा. आणि अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं, देखभाल, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची.

२०२५ मध्ये आमची गाडी पन्नाशीला आली आणि हाच प्रश्न घरात उभा राहिला. मुलगा म्हणाला नवा दांडा लावू. मी म्हणालो भोक बुजवू, स्टेअरिंगचा गिअर परत बसवू, गाडी कुर्ल्याहून निघाली तशी करू. जुने भाग होतेच. अब्बांनी १९८९ मध्ये ते सगळे ग्रीस फासून गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवले होते. तेव्हा मला वाटलं होतं, टाकवत नाही म्हणून ठेवले. आता कळतं, परतीची वाट ठेवली होती. मूळचा काढलेला एकही तुकडा भंगारात देऊ नये, स्टेअरिंगची नळी कापू नये, हा नियम जुनी गाडी पाळणाऱ्या प्रत्येकानं लिहून ठेवावा. पद्मिनी बनणं थांबून आता पंचवीस वर्षं होत आली. कुर्ल्याच्या त्या कंपनीनं पुढे आमच्या चिंचवडलाच रिओ नावाची गाडी २००९ पासून काढली, तीही आता बनत नाही. मुंबईतून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस संपल्या. नाना पेठेत आणि रविवारच्या जुन्या बाजारात नशीब असेल तर एखादा भाग मिळतो. माळ्यावरचं गोणपाट हाच खरा बाजार.

रविवारी आम्ही दोघांनी बूट काढला. खाली अब्बांचं काम होतं. मोठं केलेलं भोक, त्याच्या कडा कानशीनं घासून गुळगुळीत केलेल्या. दांड्याच्या बैठकीत गनमेटलचा बुश, टूलरूमच्या कुणा मित्रानं लेथवर काढून दिलेला असणार. सळयांवर पंचनं मारलेले ठिपके, एक ठिपका निवडीच्या सळईला, दोन ठिपके ढकलण्याच्या सळईला, आणि न्यूट्रलची बारीक रेघ. रोज संगणकावर नकाशे पाहणारा माझा मुलगा बराच वेळ ते ठिपके पाहत राहिला. म्हणाला, "दादाअब्बांनी सगळं लिहूनच ठेवलंय की."

माझी पंचाईत झाली. मूळ रूप म्हणजे कोणतं? कुर्ल्यात १९७५ साली झालेलं, की घाटातून वाचल्यावर अब्बांनी स्वतःच्या हातानं दुरुस्त केलेलं? नियमाच्या भाषेत उत्तर सरळ आहे. आमच्या घराच्या भाषेत तितकं सरळ नाही. कोणाच्या घरी कोणतं उत्तर बरोबर हे मी सांगणार नाही. गाडी प्रदर्शनात न्यायची असेल तर मूळचं करा. आम्हाला ती चालवायची होती. अम्मीला रविवारी देहूरोडला बहिणीकडे त्याच गाडीनं जायचं असतं.

तेव्हा अब्बांचा दांडा राहिला. झिजलेला बुश काढून त्याच मापाचा नवा भोसरीत लेथवर करून घेतला. गिअरबॉक्सखालचं माउंटिंग बदललं. मुलाच्या खोक्यातला रबरी बूट कामी आला, जुना तडकला होता. भोकाच्या कडेला खडू फासून सगळे गिअर टाकले, खडू कुठेही पुसला गेला नाही. बाकीचं किट परत खोक्यात गेलं. मुलानं एका कागदावर ठिपक्यांचा अर्थ, बुशचं माप आणि तारीख लिहिली, तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावरच्या गोणपाटात ठेवला.

एकूण काम तीन रविवारांचं झालं. चौथ्या रविवारी अम्मी नेहमीसारखी खिडकीशी बसली. मुलगा चालवत होता. नाक्यावर गाडी पुरती थांबायच्या आत त्यानं पहिला टाकला आणि गिअर करकरला. अम्मी रस्त्याकडे बघत म्हणाली, "थांबू दे रे तिला आधी."

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)